वर असताना ठणठणीत होता

आश्विन लागला की आमच्या लॅबमध्ये बसायला जागा उरत नाही. केजच्या बसस्टँडमागच्या बोळात ही लॅब आहे आणि मी तिथे चौदा वर्षं लोकांचं रक्त तपासते आहे. पाऊस सरलेला असतो, ऊन चढलेलं असतं, शेताशेतात सोयाबीन काढून पडलेलं असतं, नाल्यातलं पाणी साचून हिरवं झालेलं असतं आणि सगळ्या तालुक्याचा ताप आमच्या दोन बाकांवर येऊन बसतो. डोक्याला टॉवेल गुंडाळलेले बाप्ये, दंडाला कापूस दाबून धरलेल्या बाया. कुणी खोकतं, कुणी नुसतं भिंतीकडे बघत बसतं. इतरांना या दिवसांत झेंडू आठवत असेल, आपट्याची पानं आठवत असतील. मला संताप येतो. आठवत नाही, येतोच. ठरल्या वेळेला, तापासारखा. यंदाही आला. सकाळी पहिली सुई टोचतानाच माझे दात एकमेकांवर आवळलेले होते.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत माझा धाकटा भाऊ अमोल लडाखहून घरी आला होता.

अमोल पोकलेन चालवायचा. आमच्या वस्तीवरचा, म्हणजे नांदूरघाटच्या अलीकडच्या वस्तीवरचा, तो पहिला ऑपरेटर. विहिरी खोदता खोदता मशीन शिकला, मग कालव्याच्या कामावर गेला, आणि एके वर्षी एका ठेकेदाराच्या माणसांबरोबर थेट हिमालयात. पंधरा हजार फुटांच्याही वर रस्त्याचं काम होतं. एप्रिलमध्ये जायचं, बर्फ पडायच्या आत उतरायचं. आमच्या घरात त्या जागेला नावच नव्हतं. नुसतं "वर". आई एसटीत शेजारच्या बाईला सांगायची, "माझा ल्योक वर असतो," आणि ती बाई च्च च्च करून आईच्या पाठीवरून हात फिरवायची. मग आईला लई हसू यायचं. "अगं, जिता हाय! डोंगरावर हाय!"

तो तिथून व्हिडिओ पाठवायचा. झाड नाही, गवत नाही, हत्तीच्या पाठीसारखे डोंगर आणि त्यांच्यावर इतकं गडद निळं आभाळ की बघताना भीती वाटावी. "आक्का, हितं डास न्हाई, माशी न्हाई," तो सांगायचा. "काही कुजतच न्हाई. मागल्या साली टाकलेली संत्र्याची सालं तशीच पडलेत बघ." बोलताना दर चार शब्दांनी दम घ्यायचा. मी विचारलं की म्हणायचा, "हवा पातळ हाय. सवय झाली."

सवय व्हावी म्हणून वर नेताना त्यांना जपत असत. दोन दिवस खालच्या गावात ठेवायचे, मग थोडं वर, मग आणखी वर. कुणी उलट्या करायला लागला, डोकं धरून बसला, तर थांबवायचे. एक डॉक्टर येऊन बोटाला चिमटा लावून बघायचा. हे सगळं मला अमोलनेच कौतुकाने सांगितलेलं. उतरताना काय करतात, हे मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच. उतरताना जीपमध्ये घालायचे आणि विमानात बसवून द्यायचे. चढण्याला नियम होते. उतरायचं म्हणजे काय, घरीच तर जायचं!

सहा महिने त्या हवेत राहिलेला माणूस तीन दिवसांत आमच्या काळ्या मातीत येऊन उभा राहिला. आधी विमान, मग रेल्वे, मग बीडच्या स्टँडवरून एसटी. गाल भाजून तांबडेकाळे झालेले, ओठ फुटलेले, पण छाती अशी भरलेली की आई बघतच राहिली. त्याची बायको संगीता लाजून आत गेली. वस्तीवरचा प्रत्येक जण येऊन त्याच्या खांद्यावर थाप मारून गेला.

आणि मग तो झोपला. दिवसा झोपला, जेवता जेवता झोपला, बोलता बोलता त्याची मान खाली जायची. मला फोनवर म्हणाला, "आक्का, अंग लई जड झालंय. पाण्यातून चालल्यावानी वाटतंय." मी म्हटलं, प्रवासाचा शीण असेल. वस्तीने निराळं निदान केलं. सोयाबीनची मळणी चालू होती, हाताला माणूस मिळत नव्हता, आणि हा तरणाताठा गडी पत्र्याखाली लोळत पडलेला. "साहेब झालाय आता त्यो." "वरची प्यायलेली उतरली न्हाई वाटतं अजून." माझा भाऊ दारूला शिवत नाही. पण बोलणारांना त्याचं काय? चौथ्या दिवशी त्याने ते ऐकलं, उठला आणि मळणीयंत्रापुढे जाऊन उभा राहिला. सहा महिने ज्या नाकाने धुळीशिवाय, जंतूंशिवाय थंड हवा घेतली, त्या नाकात दिवसभर सोयाबीनचा भुसा गेला. घरी येऊन त्याच हौदाचं पाणी प्यायला, त्याच डासांत निजला.

सहाव्या दिवशी सर्दी, घसा, ताप. तोंडात फोड. विळ्याने बोटाला एवढंसं कापलं होतं, ते पिकलं. वस्तीत तीच सर्दी सगळ्यांना झाली होती. बाकीचे दोन दिवसांत हिंडायला लागले, हा उठेना. तेव्हा मीच म्हटलं, रक्त बघू. मोटरसायकलवर कुणाच्या तरी मागे बसून तो केजला आला. मीच सुई टोचली. रक्त घट्ट, गडद. सिरिंजमध्ये येताना मला आवडलं होतं, हे आज लिहिताना लाज वाटते. हिमोग्लोबिन एकोणीसच्या पुढे आलं. आमच्याकडे येणाऱ्या बायांचं आठ असतं, नऊ असतं. मी तो कागद घेऊन अमोलबरोबर नांदूरघाटला त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांकडे गेले. ते हसले. "ह्याला काय धाड भरलीय? पहिलवानाचं रक्त हाय हे!" आम्ही तिघंही हसलो.

ते रक्त तब्येतीचं नव्हतं. हवा पुरत नव्हती म्हणून शरीराने सहा महिने खपून तांबड्या पेशी वाढवून ठेवल्या होत्या, ती त्या गडद रंगाची कहाणी होती. आणि त्याच कागदावर खाली, पांढऱ्या पेशींच्या रकान्यात, लिम्फोसाइटच्या आकड्यापुढे मशीनने खाली तोंड केलेला बाण काढला होता. मी तो पाहिला होता. व्हायरल तापात असं होतं, असं मनाशी म्हणून मी पुढचा नमुना लावला होता. आजार ओळखून त्याच्याशी लढणाऱ्या ज्या पेशी, त्याच कमी आहेत, हे त्या बाणाने मला सांगितलं होतं. माझ्याच भावाचं रक्त, माझ्याच हातात, आणि मी वाचलं नाही.

चार दिवसांनी संगीताचा फोन आला. "आक्का, ह्यांचं डावं कपाळ लई दुखतंय. तापलेला तवा लावल्यावानी आग होतीय म्हणतेत. केसाला हात लावू देईनात."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं. सर्दी डोक्यात गेली म्हणले. इंजेक्शन दिलं, तेवढ्यापुरतं बरं वाटलं."

"मग होईल बरं," मी म्हणाले. बाकावर अकरा माणसं बसली होती. मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कपाळावर पुरळ उठलं. भुवईपासून केसांपर्यंत, बरोबर अर्ध्या कपाळावर, जणू मधोमध कुणी रेघ मारून पलीकडे जायची मनाई केली आहे. हे मला कुणी कळवलं नाही, कारण आता घरच्यांना रोगाचं नाव सापडलं होतं. नागीण. आणि नागिणीला आमच्याकडे डॉक्टर लागत नाही, गेरूवाला लागतो. आईने पलीकडच्या गावातून एक म्हातारा आणला. त्याने गेरू उगाळून पुरळाभोवती रेघा ओढल्या, काहीबाही पुटपुटला आणि सांगितलं, पाच दिवस पाणी लावू नका, नागिणीच्या तोंडाला शेपूट मिळता कामा नये. फोड तोवर नाकाच्या शेंड्यापर्यंत आले होते. डावा डोळा लाल होऊन मिटला होता. म्हाताऱ्याने पापणीवरही गेरू फासला.

विजयादशमीला मी सुट्टी घेऊन वस्तीवर गेले. आई पांढरी साडी नेसून विहारात निघाली होती. घरात खाटेवर माझा भाऊ भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी हाक मारली तेव्हा वळला. अर्धं तोंड तांबड्या मातीने लिंपलेलं, त्यातून पाणी झिरपत होतं, आणि डोळ्याच्या जागी सुजलेली फट.

मी आईवर ओरडले. आयुष्यात एवढी कधी ओरडले नव्हते. "विहारात काय ऐकतेस गं तू? दरसाल जातेस, बसतेस, काय ऐकतेस? गेरू फासलास पोराच्या डोळ्यावर?"

आई दारातच बसली. म्हणाली, "तू दवाखान्यात असतेस. तू तर म्हणलीस बरं होईल."

मी शेजाऱ्याकडे गाडी मागायला धावले.

शेजाऱ्याच्या गाडीत घालून आम्ही त्याला बीडला नेलं. सणाचा दिवस, निम्म्या दवाखान्यांना कुलूप. एका डोळ्यांच्या दवाखान्यात तरुण बाई डॉक्टर होत्या. त्यांनी आधी गेरू धुतला. धुताना अमोलने खुर्चीचा दांडा एवढा घट्ट धरला की त्याच्या बोटाची ती जुनी जखम फुटली. मग दिव्याखाली डोळा पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि विचारलं, "हे काम कुठे करतात?"

मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "किती उंचीवर? खाली कधी आले?" मग खुर्ची ओढून बसल्या. इतक्या दिवसांत त्याच्यासमोर बसून बोलणारं हे पहिलं माणूस.

त्यांनी सांगितलं ते असं. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू जात नाही. तो मज्जातंतूच्या मुळाशी निजून राहतो. शरीराची प्रतिकारशक्ती जागी असली की तो निजलेलाच राहतो. वर प्राणवायू कमी, थंडी, अपुरी झोप, तुटलेली भूक; अशा ठिकाणी महिनोन्महिने राहिलं की पहारा ढिला पडू शकतो. आणि खाली आल्यावर शरीराला पुन्हा सगळं उलटं करावं लागतं. वाढवलेलं रक्त कमी करायचं, नव्या हवेला जुळवून घ्यायचं. म्हणून ती झोप, ते जडपण. नेमक्या त्याच दिवसांत खालचे सगळे जंतू एकदम अंगावर येतात.

"ह्याच्यामुळेच झालं?" मी विचारलं.

"तसं छातीवर हात ठेवून नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "कधीच वर न गेलेल्यांनाही नागीण होते. पण यांचं शरीर थकलेलं होतं, एवढं नक्की. पुरळ उठल्यापासून पहिल्या तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या असत्या तर..." त्यांनी अमोलला तिथेच भरती करून सलाइनमधून औषध सुरू केलं.

अमोलला आणि मला कांजिण्या एकाच उन्हाळ्यात आल्या होत्या. तो पाच वर्षांचा, मी दहा. ओसरीवर लिंबाचा पाला पसरून आईने आम्हाला शेजारी शेजारी निजवलं होतं. त्याला खाजवायचं असायचं आणि मी त्याचे दोन्ही हात माझ्या हातांत धरून ठेवायची. त्याला गोष्टी सांगायची, एकीतून दुसरी, संपूच द्यायची नाही. कपाळावर एकही वण पडला नाही त्याच्या; आई सगळ्यांना सांगायची, पोरीने राखलं त्याला. त्या पाल्याचा कडू गार वास मला अजून येतो. तेव्हा दहा वर्षांची असून मला त्याचे हात धरून बसायचं कळलं होतं. चाळिशीला आल्यावर फोन खाली ठेवायचं कळलं.

डोळा गेला नाही. राहिला, पण त्यावर कायमचा पांढुरका डाग राहिला. त्या डोळ्याने दिसतं, तेल लागलेल्या कागदातून दिसावं तसं. पोकलेन चालवणाऱ्याला अंतर कळावं लागतं. दरीच्या काठावर बकेट टेकवताना वीतभर इकडे की तिकडे, हे दोन्ही डोळ्यांनी मिळून ठरवावं लागतं. अमोलने बरा झाल्यावर एकदा शेजारच्या शेतात मशीन चालवून पाहिलं. बांध सोडून बकेट मातीत गेलं. तो खाली उतरला, चावी मालकाच्या हातात दिली आणि चालत घरी आला.

फेब्रुवारीत वरून सुपरवायझरचा फोन आला. एप्रिलला येतो का, म्हणून. अमोलने फोन माझ्याकडे दिला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. त्याचं उत्तर तेवढं आठवतं. हिंदीत बोलत होता, आवाज मऊ, अगदी समजावणीचा. म्हणाला, "मॅडम, वर असताना तो ठणठणीत होता. आजारी तो खाली पडला. तुमच्या गावात."

या वाक्याला मी तेव्हापासून उत्तर शोधते आहे. त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे, म्हणून तर माझं डोकं फिरतं. माणूस वर असेपर्यंत त्यांचा, उतरला की आमचा. मधली वाट कुणाचीच नाही. आणि रागावायचं तर कुणावर? ठेकेदाराला जाब विचारावा तर पुरावा लागतो, आणि डॉक्टर म्हणतात छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. सुपरवायझर हाताखालचा माणूस. नांदूरघाटचे डॉक्टर वाईट नाहीत. दिवसाला शंभर माणसं तपासतात. गेरूवाला म्हातारा पुढच्या साली वारला. आई माझ्याशी त्या विषयावर पुन्हा बोलली नाही, पण तिने त्या घरात नंतर कधी गेरू आणला नाही, सारवणाच्या कडेलासुद्धा नाही. उरले मी. स्वतःवरचा राग आटत नाही, कारण त्याला रोज नवं रक्त मिळतं. मी दर सकाळी ते काढतेच.

अमोल मात्र रागावला नाही. हेही मला सहन व्हायचं नाही. केजला एका गॅरेजात त्याने काम धरलं. मशीनचे हायड्रॉलिक पाइप, पंप दुरुस्त करतो. कान लावून ऐकतो, बोटांनी चाचपतो, दोष सांगतो. संध्याकाळी कधीमधी लॅबवर येऊन चहा पितो. एकदा मी चिडून म्हणाले, "तुला काहीच कसं वाटत न्हाई रे?" तो म्हणाला, "काय वाटून घ्यायचं, आक्का? नशिबात व्हतं. मोठा आजार व्हता, डोळा तरी ऱ्हायला." मोठा आजार होता. त्याने स्वतःची अशी समजूत घालून ठेवली होती. त्या समजुतीवर तो उभा होता, आणि ती खोटी आहे हे मला ठाऊक असून मी बोलत नव्हते.

आमच्या भागातले तिघेजण अजून वर जातात. अमोलनेच शिकवलेले. त्यांतला बालाजी, सव्वीस वर्षांचा, यंदा पंधरा दिवसांपूर्वी उतरला. अमोलने त्याला बजावून ठेवलं होतं, आल्यावर पंधरा दिवस कामाला हात लावायचा नाही, काही झालं तर पहिला फोन अमोललाच करायचा. बालाजीने फोन केला नाही. मागच्या मंगळवारी त्याची बायको संगीताला सहज म्हणाली, ह्यांचं कालपासून उजवं कपाळ दुखतंय.

संगीताने ते गॅरेजात फोन करून सांगितलं. अमोल हातातला पाना टाकून तसाच निघाला. तो पोचला तेव्हा बालाजी नांदूरघाटच्या त्याच दवाखान्यात टेबलावर आडवा होता आणि कंपाउंडरच्या हातात इंजेक्शन भरलेलं होतं.

"थांबा," अमोल म्हणाला. "त्यो वरून आलाय. आठ दिवस झालेत."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू काय डॉक्टर हायस का बे?"

"न्हाई. मी पेशंट होतो, तुमचाच."

हे मला बालाजीने सांगितलं. म्हणाला, डॉक्टर अमोलकडे, त्याच्या त्या डोळ्याकडे बघत राहिले. मग कंपाउंडरला म्हणाले, "ठेव ते." आणि स्वतःच्या हाताने बीडला चिठ्ठी लिहून दिली.

अमोल त्याला मोटरसायकलवर केजला घेऊन आला, गाडी लॅबपुढे लावून मला घेतलं, आणि आम्ही तिघांनी एसटीने बीड गाठलं. त्याच डॉक्टर बाई. त्यांनी बालाजीचे केस बाजूला करून भिंगातून पाहिलं. केसांच्या मुळाशी तिळाएवढे दोन फोड होते, आम्हाला कुणाला दिसलेच नसते असे. "आजच उठलेत," त्या म्हणाल्या. "बरं झालं आलात. डोळा स्वच्छ आहे. आठवडाभर गोळ्या घ्या, वेळ चुकवू नका, धुळीत जाऊ नका." दोघांनाही हेच का, असं मी विचारलं. योगायोग असू शकेल, त्या म्हणाल्या; पण वरून येणाऱ्या सगळ्यांवर लक्ष ठेवा.

एवढंच. पंधरा मिनिटं लागली असतील. आज आठवडा होत आला. बालाजीच्या फोडांवर खपल्या धरल्यात, दोन्ही डोळे लख्ख आहेत, आणि तो पत्र्याखाली पडून बायकोला जेरीस आणतो आहे.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीच्या मेडिकलच्या दुकानासमोरचं. बालाजी पाणी आणायला गेला होता. दुकानदाराने गोळ्यांची पाकिटं काउंटरवर ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. अमोलने एक पाकीट उचललं. उघडलं. चंदेरी पट्टी बाहेर काढून चांगल्या डोळ्याजवळ धरली, उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली. साध्या पांढऱ्या गोळ्या. रस्त्यावर रिक्षा ओरडत होत्या, कोचिंग क्लासमधून सुटलेल्या मुली आम्हाला चुकवून पलीकडे जात होत्या. तो हलेना.

"आक्का," तो म्हणाला, "एवढंच व्हतं व्हय?"

मी त्याच्याकडे पाहिलं. ती पट्टी त्याच्या मुठीत चुरगाळत चालली होती. आतल्या गोळ्या फुटतील म्हणून मी त्याची बोटं एक एक करून सोडवायला लागले. ती सुटत नव्हती.